निळ्याची युक्ती

"बघू दे त्याला नीट," म्हणत फिर्मांने कबुतरांच्या ढाबळीतली फळी सरकवली. पलीकडे निळ्याची मादी एका परक्या नराला चोच लावून बसली होती. निळा, फिर्मांचं शर्यतीचं कबुतर, पिसं फुलवून जाळीवर आदळला. फिर्मांने त्याला अलगद धरून टोपलीत घातलं.

"किती छळतोस रे बिचाऱ्याला!" शिडी धरून उभी असलेली त्याची बायको मार्सेलीन म्हणाली.

"छळ कसला? उद्या शर्यतवाले पॅरिसच्याही पलीकडे नेऊन सोडतील. तिथून कसा सुसाट येतो बघ. दाणापाणी रोजचंच, त्याची कदर कोणाला असते? जीव जळला की घर आठवतं."

"आणि तो दुसरा नर?"

"त्याचं काय! मूठभर मका टाकायचा आणि द्यायचा घालवून."

 मार्सेलीनने आज लग्नातले कानातले घातले होते. फिर्मांला ते दिसले, पण विचारायचं सुचलं नाही.

टोपल्या गावच्या कॅफेत जमा होत. टोपली दिली की खरं तर काम संपलं. पण दर शनिवारी फिर्मां तिथेच पत्ते कुटत बसायचा. घरी सूप गार व्हायचं. मार्सेलीन आधी भांडायची. हल्ली तिने बोलणंच सोडलं होतं, आणि ते फिर्मांला फार सोयीचं वाटत होतं.

आजही डाव रंगात आला होता. कॅफेवाली झुल्मा खिडकीशी ग्लास पुसत होती.

"अगंबाई! फिर्मां, तो बातिस्त तुझ्याच घरात शिरला की!"

बातिस्त म्हणजे शेजारचा विधुर. बागेत राबणारा, रोज दाढी करणारा.

"शिडी मागायला आला असेल," फिर्मां म्हणाला.

"हातात डेलियाची फुलं घेऊन? गेल्या शनिवारीही आला होता हो."

सगळे फिदीफिदी हसले. फिर्मांला एकदम ते कानातले आठवले. त्याने पत्ते फेकले. रस्त्याने जायचाही धीर नव्हता. बीटच्या शेतातून, चिखल तुडवत तो पळत सुटला. एवढी वर्षं बायको घरात होती, तर आपण तिच्याकडे वळून पाहिलं नाही. आणि आता तो दाढीवाला, नव्हे, तो बिनदाढीचा तिला घेऊन जाणार! त्याला रडू येत होतं आणि बातिस्तचं थोबाडही फोडावंसं वाटत होतं.

त्याने धाडकन दार उघडलं. टेबलावर वाफाळतं सूप, दोन ताटल्या, मधोमध डेलिया. आणि त्याच्या खुर्चीत बातिस्त.

"ऊठ! माझी जागा आहे ती!" फिर्मां धापा टाकत ओरडला.

बातिस्त निमूट उठला. मार्सेलीन जराही दचकली नाही. परतलेल्या कबुतराची वेळ नोंदायचं घड्याळ तिने फळीवरून काढलं आणि त्याची कळ दाबली. मग चीज घालून भाजलेल्या तार्टचा एक जाडजूड तुकडा कागदात बांधून बातिस्तच्या हातात ठेवला.

"हा तुमचा मका, बातिस्त," ती म्हणाली. "या आता."