दम

उजवा, डावा, उजवा, उजवा. डावा, उजवा, डावा, डावा. हेमांगी दोन्ही काठ्यांनी मांडीवरची उशी झोडपत होती. ‘तुझ्या हातात दम नाही, बाई. ड्रम सोड, खंजिरी घे,’ असं ऑर्केस्ट्राचा गायक दिगंबर सगळ्यांसमोर म्हणाला होता. तिच्या लेखी उशी म्हणजे त्याचं थोबाड होतं. शिवण उसवेपर्यंत तिने हात बसवला.

गणपतीच्या कार्यक्रमात शेवटचं गाणं त्याचं होतं. तिने लय कळेल न कळेल अशी चढवत नेली. ड्रम पळाला की गायकालाही पळावंच लागतं. कडवं संपेतो त्याला धाप लागली. मागे वळून तो काकुळतीने ‘हळू, हळू’ असं खुणावू लागला.

हात न थांबवता ती कोरसच्या माइककडे झुकली.

“दम लागला का, दादा? खंजिरी देऊ?”