रंगावरची साय

“लक्षुम्या औंदा आंधळ्याच बसवू का रं, संगमेश?” वत्सलाबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं. विचारलं हसत, पण टोचायचं तिथं टोचलं.

संगमेशनं मान वर केली नाही. त्याच्यापुढं पाटावर ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींचे मुखवटे मांडलेले होते. जुना रंग खरवडून नवा हात दिलेला. गाल झाले होते, ओठ झाले होते. डोळे तेवढे राहिले होते. उमापुरात बायका म्हणायच्या, मुखवटे कुणीबी रंगवावेत, डोळे मात्र संगमेशनं लिहावेत. मग लक्ष्मी वाढलेल्या ताटात बघते.

“पोळा झाला की या,” त्याची आई नीलम्मा आतून म्हणाली. “देतो आमी.” आणि थबकली. लिंगपूजेआधी पाणी घ्यायचं नाही, हा तिचा बारमाही नेम. श्रावणात त्यात आणखी एक भर असायची, तोंडून खोटा शब्द जाऊ द्यायचा नाही. म्हणून तिनं हळूच पुढं जोडलं, “झाले तर.”

संगमेश उन्हाळ्यात व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला होता. नशेच्या गोळ्यांना त्याच्या संगतीतली पोरं बटन म्हणायची. दाबलं की आत दिवा लागतो, म्हणून. आधी जागरणाचा शीण जावा म्हणून एक, मग हात हलका चालतो म्हणून दुसरी. पुढं पुढं त्याला वाटायला लागलं, डोळे आपण लिहीतच नाही, बटनच लिहितं. गाव तर त्याआधीपासूनच वाहवा करत होतं, पण ते त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. वडील वैजिनाथअप्पा किराणा दुकान उघडायचे, बंद करायचे. पोराशी बोलणं त्यांनी टाकलं होतं.

केंद्रातल्या डॉक्टरांनी नीलम्माला जवळ बसवून समजावलं होतं. काम मनासारखं झालं की मेंदू आपणच आपल्याला शाबासकी देतो. गोळी ती शाबासकी फुकटात देते. मग मेंदू कामाची वाट बघत नाही. तो पुन्हा शिकेल, पण वेळ लागेल, तुम्ही घाई करू नका. नीलम्मानं मान डोलावली होती. शाबासकी म्हणजे काहीतरी चांगलंच, एवढं तिला कळलं होतं.

रोज पूजा झाली की ती वाटीत काळा रंग ओतून त्याच्या पाटाशी ठेवायची. तो ब्रश उचलायचा, हात थरथरायचा, ब्रश खाली यायचा. दुपारपर्यंत रंगावर जाड साय धरायची. ब्रश बुडवायचा तर ती आधी काडीनं मोडावी लागते. ती कुणी मोडत नव्हतं. संध्याकाळी नीलम्मा वाटी घासून पालथी घालायची.

वत्सलाबाई गेल्या, तेव्हाही वाटीवर साय धरलेली होती.

“माय, आत कायबी न्हाई,” संगमेश म्हणाला. “बघतो तर नुसती माती दिसायली. आधी लक्षुमी माझ्याकडं बघायची, मग मी लिहायचो.” त्यानं तोंड गुडघ्यांत घातलं. “एकच दे. तुझ्याजवळ हाय, मला ठावं हाय. दोघींचे डोळे होऊ दे, पुन्ना न्हाई मागणार.”

होतीच तिच्याजवळ. त्याला केंद्रात नेलं त्या दिवशी ब्रशांच्या डब्यात तिला गोळ्यांची पट्टी सापडली होती. उकिरड्यावर टाकावी तर कुणाचं लेकरू उचलील. चुलीत घालावी तर चूल बाटेल. घरातली पीडा गंगेला सोडावी, अशी रीत. गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. म्हणून तिनं ती निर्माल्याच्या गाठोड्यात बांधली. गंगेला जाणं काही झालं नाही. बेलाच्या वाळल्या पानांत पट्टी देवघराच्या खुंटीला लटकत राहिली.

नीलम्मा खुंटीखाली बराच वेळ उभी होती. गळ्यातलं लिंग तिनं मुठीत धरलं. देवीचंच काम हाय, ती मनाशी म्हणाली. मग गाठ सोडली.

गोळी घेण्याआधी संगमेशनं तिच्या पायांना हात लावला.

ती शेजारच्या खोलीत माळ घेऊन बसली. जपात मन नव्हतं, कान तिकडंच होते. हळूहळू गुणगुणणं ऐकू आलं. काम लागलं की तो असाच गुणगुणायचा. तिचे डोळे भरून आले. तिनं दाराच्या फटीतून पाहिलं. पाठमोरा होता, पण मनगट दिसत होतं. थरथर कुठल्या कुठं गेली होती. हात मुखवट्यावरून लांब, सावकाश वळत होता. तो मागं सरायचा, मान तिरकी करायचा, पुन्हा वाकायचा. तिनं आवाज न करता दार लोटलं. देवा, पाप माझ्या पदरात टाक, ती म्हणाली, त्याला त्याचे डोळे दे.

“माय, ये,” त्यानं हाक मारली. “उघडले.”

उन्हं कलली होती. दोन्ही मुखवटे त्यानं मांडीवर घेतले होते. ताप उतरलेल्या लेकरासारखा त्याचा चेहरा निवळला होता. किती दिवसांनी तो हसत होता.

“बघायलीय ना?”

नीलम्मानं ज्येष्ठेकडं पाहिलं. कनिष्ठेकडं पाहिलं. मग कितीतरी वेळ लेकाकडं पाहत राहिली.

“बघायलीय, बाळा,” ती म्हणाली. “दोघीबी बघायल्यात.”

तो तिथंच आडवा झाला आणि झोपी गेला. तिनं त्याच्या अंगावर चादर घातली. जपाची माळ खुंटीला अडकवली, ती पुन्हा घेतली नाही. मुखवटे पाटावर ठेवून वर पदर झाकावा तसं फडकं झाकलं. त्याच्या बोटांतून ब्रश सोडवून घेतला. ब्रशाचे केस कोरडे होते. मग तिनं पाटाशेजारची वाटी उचलली. काळ्या रंगावर दुपारी धरलेली साय तशीच अखंड होती.