ओख्याचं शेवाळ

दगूबाईची उजवी मूठ तीन आठवड्यांपासून मिटत नव्हती. मनगट आणि बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते. ब्राह्मणपुरी गावात सुईण तीच एक, आणि आता तिचीच मुलगी रंजना बाळंतपणाला घरी आली होती. डाव्या हातानं पोट चाचपताना दगूबाईला कळलं, मूल पायाळू आहे, पाय खाली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

हळद झाली, निरगुडीचा शेक झाला. सूज हटेना.

शुक्रवारी जावई आला. गिरधर गुजरातेत, ओख्याच्या मिठागरात कामाला होता. त्यानं पिशवीतून वाळलेलं, काळपट काहीतरी काढलं. घरभर वास पसरला.

"हाई काय शे, पाव्हना?"

"समुद्रनं शेवाळ, मामी. मिठागरमा बायास्ना हात सुजतस. त्या हाई उकळीसन बांधतस."

"कुजेल मासानागत वास ई ऱ्हायना."

"वासले काय करनं? मूठ मिटनी पाहिजे."

दगूबाईनं मुलीकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

गिरधरनं स्वतः चूल पेटवली. पाणी आटून काकवीसारखं दाट झालं, तेव्हा त्यात फडकं भिजवून त्यानं ते मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळलं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ठणका उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी मूठ मिटली, तेव्हा तिनं भाकरी थापून पाहिली. थापता आली.

चौथ्या दिवशी दुपारी रंजनाला कळा सुरू झाल्या.

दगूबाईनं गरम पाण्यानं, साबण लावून हात धुतले आणि दार लावून घेतलं. गिरधर ओट्यावर बसून राहिला. आतून रंजनाचं कण्हणं येत होतं, आणि मधूनमधून दगूबाईचा शांत आवाज. "जोर नको करू. थांब. मन्हा हात शे." गिरधर उठला, परत बसला.

मूल रडलं.

दार उघडलं तेव्हा दगूबाई घामानं निथळत होती. "पोरगी शे, पायाळू. दोन्ही चांगल्या शेतस," ती म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली. गिरधरनं उपरण्यानं डोळे पुसले.

"पाव्हना," थोड्या वेळानं ती म्हणाली, "पुढला बारले ते शेवाळ जास्त लई या. दिवाळीपावत आखो तीन बायास्नं बाळंतपन शे."