एकोणीस सेंटिमीटर

टाचा भिंतीला टेकवून उभं राहिल्यावर रूबेनच्या डोक्याची मागची बाजू आणि भिंत यांच्यात एकोणीस सेंटिमीटर अंतर भरलं. गेल्या वर्षी सोळा होतं; मणके एकमेकांना जुळून तो पुढे वाकत चालला होता. आयरिसने आकडा लिहून घेतला आणि टेप गुंडाळली. ती नर्स होती. रूबेन दवाखान्यात येत नसे, म्हणून दर महिन्याला तीच स्किडगेट या बेटावरच्या गावी, किनाऱ्यावरच्या या शेडमध्ये यायची.

शेडभर घराण्याचा कोरीव खांब आडवा पडला होता. चाळीस फूट लांब, तांबड्या सीडरच्या लाकडाचा. तळाशी अस्वल, मध्ये बेडूक, टोकाला गरुड. गरुडाचे डोळे तेवढे राहिले होते. रूबेनची भाची नोरीन अस्वलाच्या पंजाशी बसून तासणीला धार लावत होती.

"तेल घेता ना, रूबेनकाका?" आयरिसने विचारलं.

"घेतो की. गांजाच तो, बाटलीत घातला म्हणून औषध झालं. झोप मात्र लागते. पाठ आहे हेच विसरतो."

"आणि सुजेच्या गोळ्या?"

"त्या तूच बंद केल्यास."

"शौचाला काळं होतंय का?"

"काळा दगड कोरण्यात जन्म गेला माझा, पोरी. म्हणशील तर त्याचाही देवमासा करून देतो."

आयरिस हसली नाही. नोरीनने धार लावणं थांबवलं.

"दोन आठवडे झाले काळं होतंय," ती म्हणाली. "गोळ्या छिन्न्यांच्या डब्यात आहेत. कामाच्या दिवशी दोन-दोन घेतो मामा."

"चोंबडी." मान वळत नव्हती, म्हणून रूबेन अख्खाच तिच्याकडे वळला. "तेल घेऊन कोरायला बसलो होतो, तेही सांग की तिला."

नोरीनने खांबाच्या टोकाकडे पाहिलं. गरुडाच्या डाव्या डोळ्याच्या जागेखाली बोटभर खोल घाव होता. त्या सकाळी रूबेनला कुठेच दुखत नव्हतं. हात छान हलका पडतोय असं वाटत असतानाच तासणी आत गेली होती.

"गोळी घेतली की हात माझा असतो," तो म्हणाला. "दोन डोळे राहिलेत फक्त."

"मार्चमध्ये याच गोळ्यांनी पोटात रक्त सुटलं, थोडक्यात वाचलात. आता पुन्हा सुटलं तर तुम्हाला न्यायला विमान येईपर्यंत थांबणार नाही ते," आयरिस म्हणाली. "व्हँकुव्हरच्या डॉक्टरांची इंजेक्शनं तुम्हाला सोसली नाहीत. तेलाने दुखणं कळत नाही, एवढंच. मणके जुळायचे ते जुळतच राहणार."

डोळे घराण्यातल्या मोठ्या माणसाने कोरायचे. रूबेनच्या मामाने तो मान त्याला दिला आणि त्यानंतर स्वतः कधी तासणी हातात धरली नाही. चार वर्षं रूबेन नोरीनला 'पुढच्या खांबाला बघू' म्हणत होता.

आयरिसने पिशवी उचलली.

"थांब," रूबेन म्हणाला. "तू डोमकावळ्यांच्या कुळातली ना?"

"माझ्या बारशाला जेवून गेलात, आणि आता विचारता?"

"आम्ही गरुडांच्या कुळातले. असलं काही बोलायचं तर साक्षीला समोरच्या कुळाचं माणूस लागतं. ठेव ती पिशवी खाली."

तिने पिशवी ठेवली. नोरीन उठून उभी राहिली. मांडीवरच्या ढलप्या खाली पडल्या. रूबेनने मान उचलेल तेवढी उचलून आयरिसकडे पाहिलं.

"डोळे नोरीन कोरेल," तो म्हणाला. "हे, आणि यापुढचे सगळे."