मॅकीसाठी

शाळेचा मुख्याध्यापक ग्लेन पेल्टन याने भाषणाचं तिसरं पान उलटलं आणि कोच मॅकीने खुर्चीत बसल्या बसल्या कपाळावर हात मारला.

लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. पुढच्या रांगेतल्या दोघींनी रुमालही काढले. मॅकी गहिवरला वगैरे काही नव्हता, वैतागला होता. एकतीस वर्षं त्याने या शाळेच्या मुलांना बेसबॉल आणि मुलींना सॉफ्टबॉल शिकवला, तो काय शेवटी असा ब्लँकेट गुंडाळून होम प्लेटवर, बॅट घेऊन उभं राहायच्या जागी, मांडून ठेवायला?

सीझन सुरू व्हायच्या आधीचा शनिवार होता. ओहायोतला मार्च, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मॅकीच्या सन्मानार्थ सामने होते, आणि तिकिटाऐवजी प्रत्येकाने गरजूंसाठी खाण्याचे दोन डबे आणायचे होते. फाटकाशी बीन्स आणि सूपच्या डब्यांचा ढीग लागला होता. त्याबद्दल मॅकीची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती जॅकेटांबद्दल.

"जॅकेट काढा रे सगळ्यांनी!" ग्लेनने सुरुवातीलाच फर्मावलं होतं. "शर्ट दिसू देत. फोटोत 'मॅकीसाठी' वाचता आलं पाहिजे."

त्यामुळे तिसऱ्या बेसच्या रेषेवर मुलं आणि पहिल्या बेसच्या रेषेवर मुली, सगळी अर्ध्या बाह्यांचे पांढरे शर्ट घालून कुडकुडत उभी होती. मुलींच्या रांगेत पहिली ब्रिन सॅटलर, संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. मुलींचा सामना अकराला, म्हणून तिने पावणेअकरालाच चेंडू टाकून टाकून हात मोकळा करून घेतला होता. आता साडेअकरा झाले होते. पिचरने एकदा हात गरम केला की वर जॅकेट चढवायचं आणि लगेच खेळायला उतरायचं, हे मॅकीने पोरांना जेवण्याआधी हात धुवावेत तसं शिकवलं होतं. गेल्या वर्षी ब्रिनचा खांदा दुखावला आणि ती अख्खा सीझन बाकावर बसून राहिली. त्यानंतर आज ती पहिल्यांदा खेळणार होती. आज खांदा पुन्हा गेला, तर तिचं पिचिंग कायमचं संपणार होतं.

मॅकीने पाटी पुढे ओढली. जानेवारीत घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज कायमचा गेला, तेव्हापासून ही पाटी. त्याने 'जॅकेट' लिहायला घेतलं, तर पेन थंडीने गोठलेलं. त्याने ते झटकलं, फुंकर मारली, मग सरळ फेकूनच दिलं.

"ओडेल, गप बस ना जरा!" बायको लोर्ना त्याच्या कानाशी म्हणाली. "तुझंच कौतुक चाललंय." आणि बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

मॅकीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग ग्लेनच्या दिशेने दोन्ही हात हलवले. थांब. पुरे. आवर.

"बघा, बघा!" ग्लेन माइकमध्ये ओरडला. "कोच आपल्याला हात करतायत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो ओसरल्यावर ग्लेनने चौथं पान काढलं.

तेवढ्यात ब्रिनने डाव्या हाताने उजवा खांदा दाबून धरला. मॅकीने ते पाहिलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ब्लँकेट भिरकावलं आणि उठून उभा राहिला. मग टोपीच्या कडेला बोट लावलं, पट्ट्याला हात लावला, आणि उजवी बाही वरपासून खालपर्यंत पुसली.

ही बेस चोरायची खूण. म्हणजे पुढच्या बेसकडे धावत सुटायचं. मागे बघायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही.

ब्रिन सुटली. तिच्यामागे सगळ्या मुली दुसऱ्या बेसकडे धावल्या. मुलांना कुठे जायचं कळेना, म्हणून तीही मुलींच्या मागे लागली. चाळीस पोरं दडदड करत मैदानाला वळसा घालून आली. मॅकीने कोपऱ्यात टाकलेल्या जॅकेटांच्या ढिगाकडे बोट दाखवलं, तशी सगळी त्यावर तुटून पडली.

"अरे, थांबा! फोटो राहिलाय!" ग्लेन ओरडत होता. "कोच, अहो, तुमच्याबद्दलच बोलतोय ना मी!"

तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ब्रिनने जॅकेट चढवलं आणि कुंपणापाशी जाऊन कॅचरला समोर बसवलं. मॅकी खुर्चीत टेकला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

"झोपले का?" ग्लेनने लोर्नाला हळूच विचारलं.

"ऐकतोय तो."

"मी तर थांबलोय."

"तुझं नाही रे बाबा."

पहिला चेंडू कॅचरच्या हातमोज्यात बद्द वाजला. मॅकीच्या कपाळावर आठी पडली. दुसरा तसाच. तिसरा, चौथा जरा बरे. लोर्ना श्वास रोखून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सातवा चेंडू पूर्वीसारखा जोरात, फाडकन वाजला, आठवाही तसाच.

मॅकीने डोळे उघडले, खाली पडलेलं ब्लँकेट उचलून गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि ग्लेनला हाताने खूण केली, की आता बोल काय बोलायचंय ते.