सव्वाएकचा निरोप

"मॅडम, आज तरी पुढची तारीख देऊ नका," साहेब फोनवर म्हणाले.

"नाही देत. सुरू केलंय."

"खरंच? की मीच येऊन समोर बसू?"

"नको. सुट्टी आहे, घरीच बसा."

साहेब हसले आणि त्यांनी फोन ठेवला. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तिच्या चालढकलीवर आता विनोद होऊ लागले होते. अख्ख्या शहराच्या नळजोडण्यांची नोंद ज्या डेटाबेसमध्ये होती, त्याचा सर्व्हर सात वर्षं जुन्या आवृत्तीवर चालत होता. बनवणाऱ्या कंपनीनेही त्या आवृत्तीवर केव्हाच पाणी सोडलं होतं; दुरुस्त्या येणं बंद झालं होतं. तरी तिचं आपलं काहीतरी निघायचंच. कधी बॅकअप अपुरा, कधी डिस्क भरलेली, कधी नुसतंच "बघू".

खरं कारण एवढंसं होतं. तिच्याआधी हा सर्व्हर तिचा नवरा सांभाळायचा. कामाच्या नादात जेवण विसरायची ही तिची जुनी खोड. म्हणून त्याने सर्व्हरवर एक छोटंसं काम लावून ठेवलं होतं. रोज सव्वा वाजता त्याच्या मेलवरून तिला एक ओळ जायची: "डबा खाल्लास का?" चार वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या तापाने तो गेला. त्याची खुर्ची तिच्याकडे आली. ते काम मात्र कोणी बंद केलं नाही.

नव्या आवृत्तीत ते येणार नव्हतं. समोरच्या कागदावर अकराव्या पायरीला स्वच्छ लिहिलं होतं: जुन्या पद्धतीची ठरल्या वेळची कामं गळतील, हवी असल्यास नव्याने लिहावीत. नव्याने लिहिणं तिच्या डाव्या हाताचा मळ होता. पण मग तो निरोप तिनेच स्वतःला धाडल्यासारखा झाला असता. त्यात काय राम?

सकाळी निघताना सासूबाईंनी विचारलं होतं, "सुट्टीच्या दिवशी कुठे?"

"ऑफिसला, आई. त्याचा सर्व्हर बदलायचाय."

"बदलायलाच हवा?"

"हो. जुना झालाय फार."

सासूबाई आत वळल्या. त्या मुळातच कमी बोलायच्या आणि मुलगा गेल्यापासून त्याहून कमी. घरात दोघीच, दुःख एकच, आणि ते दोन खोल्यांत वेगवेगळं ठेवलेलं. दिवसभर त्या खिडकीशी त्याचा जुना मोबाईल घेऊन फोटो बघत बसायच्या. झोपताना एवढंच म्हणायच्या, "हा चार्जिंगला लाव गं." ती लावायची. तेवढंच काय ते बोलणं.

दहा वाजता बॅकअप सुरू झाला. पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तिने बॅगेत हात घातला. चाव्या होत्या, चष्मा होता, पायऱ्यांच्या कागदाची दुसरी प्रत होती, डबा नव्हता. भरून ओट्यावर ठेवलेला तसाच राहिला होता. ती स्वतःशीच हसली आणि मशीनचा पाणचट चहा घेऊन आली.

पायरी चार, पाच, सहा. रिकाम्या ऑफिसात सर्व्हरच्या पंख्याशिवाय आवाज नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तिने कंपनीकडून शेवटची आलेली सुरक्षेची एक साधी दुरुस्ती चढवली होती, तेव्हाही अशीच धाकधूक होत होती. त्या दिवशी सव्वाएकला काहीच आलं नाही. संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती रडली, आणि सासूबाईंना कारण सांगावं लागलं. उरलेली भाजी त्यांनीच चिरली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पाच मिनिटं उशिरा. तेव्हापासून वेळ थोडी मागेपुढे व्हायची. नंतर सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या आठवड्यात तर चार दिवस निरोप नव्हता. काम उघडून तपासायला हवं, हे तिला कळत होतं. पण त्याच्या हातचं ते लिखाण बघायची तिची छाती होत नव्हती. चालतंय ना, मग चालू दे, असं म्हणून ती सोडून द्यायची.

बारा चाळीसला अकरावी पायरी आली. होय की नाही, एवढाच प्रश्न होता.

आजही तिने ते काम उघडलं नाही. होय म्हटलं. तो गेला त्या रात्रीही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

नव्या सर्व्हरवर सगळ्या नोंदी आल्या. तिने मोजून ताडून पाहिल्या, एकही कमी नव्हती. मग जुना सर्व्हर बंद केला, मागे जाऊन त्याची वायरही काढली. पंखा घरघरला आणि थांबला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"झालं, साहेब."

"काही गेलं नाही ना?"

"नाही. सगळं आलं."

सव्वा वाजला. फोनकडे बघायचं नाही, असं ठरवून ती बघत बसली. एक वीस झाले. काही आलं नाही, येणारही नव्हतं. तिने डोळे पुसले, वायर गुंडाळायला घेतली, कागदावर शेवटच्या पायरीसमोर खूण केली.

एक बावीसला फोन थरथरला.

पडद्यावर त्याचं नाव होतं. तिने समोरच्या मेलेल्या सर्व्हरकडे पाहिलं, मग हातातल्या वायरकडे. मग तिने मेल उघडला.

"डबा ओट्यावरच राहिला तुझा. घरी ये, दोघी जेवू."