सोनेरी अणू

"हा ऊर्जेचा डोंगर," आकडेशास्त्रीनं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या आलेखावर बोट ठेवलं, "ताईची रिॲक्शन चढूच शकत नाही. जन्मात नाही."

लॅबच्या प्रमुख मॅडमनी मान हलवली. ताईनं खाली बघितलं. दोन वर्षं ती प्रयोगशाळेत ही एकच रिॲक्शन करत होती. सिलिकॉनवरचा एक तुकडा काढायचा, दुसरा बसवायचा. आज ते प्रकरण गुंडाळायचं की नाही, हे ठरणार होतं. आणि कुणाच्या जिवावर? तर ज्यानं आयुष्यात धड एक परीक्षानळी विसळली नव्हती, त्याच्या! आकडेशास्त्री हे नाव लॅबनं चिडवायला ठेवलं होतं. त्याला ते जाम आवडायचं.

"ताई, मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला, अगदी डॉक्टरसारखा. "तीन महिने कॉम्प्युटर हेच गणित करतोय. गणित खोटं बोलत नाही."

मग हौस म्हणून त्यानं पडद्यावर रेणू गोल फिरवला. मधोमध सिलिकॉनचा अणू, झकास सोनेरी. रंग त्यानंच निवडला होता. मिरवायला म्हणून त्यानं त्यावर क्लिक केलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत अणूचं नाव उमटलं.

कार्बन.

त्यानं पुन्हा वाचलं. कार्बनच. जुन्या कामातला रेणू त्यानं उचलला होता. मधला कार्बन काढून तिथे सिलिकॉन बसवायचा होता. पठ्ठ्यानं रंग बदलला, अणू बदलायचा राहूनच गेला. सिलिकॉन चार अणूंचे हात धरलेले असतानाही वेळ पडली की पाचवा धरतो, म्हणून तर त्याची वाट सोपी. कार्बनला ते जमतच नाही. डोंगर दिसणारच की!

कुणीच बघितलं नव्हतं. मॅडम वहीत लिहीत होत्या. अजून एक क्लिक, की नाव गायब.

"मॅडम, थांबा," त्याचा आवाज चिरकला. "मी गाढव आहे. तीन महिने कार्बनला रंग फासून सिलिकॉन म्हणून खपवलाय. ताईच्या रिॲक्शनचं गणित मी केलेलंच नाही."

मॅडमचं पेन थांबलं. आता ताई हाणणार, म्हणून तो मान खाली घालून बसला. पण ताई उठून शेजारी लॅबमध्ये गेली. परत आली ती ट्रे घेऊन. ट्रेमध्ये पाच चिमुकल्या बाटल्या, प्रत्येकीच्या तळाशी पांढरे खडे.

"ही रिॲक्शन पाच वेळा झालीये रे," ती हळूच म्हणाली. "तुझा डोंगर बघून मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून कुणाला दाखवलंच नाही."